सहा चेहरे, सात नावं

परीक्षेच्या दिवसांत मुलांशी कसं बोलावं, यावर गेल्या महिन्यात लिहिलं होतं. त्याचा पुढचा भाग या महिन्यात देईन असं म्हटलं होतं. तो पुढच्या अंकात नक्की देते. मध्यंतरी आमच्या घरात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून लिहायला बसलं की तीच समोर येते.

पावसाळ्याआधी माळा साफ करायचा, हा आमच्या घरचा नेम. अब्बा होते तोवर ते काम त्यांचं होतं. त्यांच्या इंतिकालाला तीन वर्षं झाली. यंदा सुट्टीत मी माहेरी गेले होते, म्हणून भाईजान आणि मी मिळून माळ्यावर चढलो. तिथे एक काळी लोखंडी ट्रंक आहे. आम्ही लहान असल्यापासून तिच्यात गोधड्या असतात. झाकणावर पांढऱ्या रंगात काही आकडे रंगवलेले आहेत. ती ट्रंक कुठून आली, आकडे कसले, हे आम्ही कधी विचारलं नाही. घरातल्या वस्तूंचं असंच असतं. त्या आधीपासून असतात.

गोधड्या काढल्या. तळाशी अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद कुजला होता, तो उचलला. खाली रेक्झिनचं एक पाकीट होतं. त्यात तीन वस्तू निघाल्या. एक तपकिरी पुठ्ठ्याचं छोटं पुस्तक, दोऱ्यात ओवलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या आणि एक फोटो.

फोटो तळहाताएवढा, काळा-पांढरा, कडा नक्षीदार कापलेल्या. सहा जवान. तिघे खुर्च्यांवर, तिघे मागे उभे. त्यांच्यामागे ताडपत्रीने झाकलेलं काहीतरी आणि त्याच्या खालून डोकावणारं एक चाक. प्रत्येकाच्या हातात जर्मनचा मग. उभ्या असलेल्यांपैकी उजवीकडचा सडपातळ, कान जरा बाहेर आलेले. भाईजान एकदम म्हणाला, "हा तर आपला साहिल!" साहिल त्याचा मुलगा, एकोणीस वर्षांचा. मग आम्ही दोघेही गप्प झालो. साहिलचा फोटो साठ वर्षांपूर्वीचा कसा असेल?

अब्बा काही वर्षं मिलिटरीत होते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. सातारा जिल्ह्यात ही काही नवलाची गोष्ट नाही. आमच्याकडे मिलिटरी अपशिंगे नावाचं गावच आहे. गल्लीतल्या दर दोन-चार घरांआड एखादा माजी सैनिक निघतो. कुणी विचारलं तर अब्बा म्हणायचे, "होतो थोडे दिवस. सरकारची भाकरी खाल्ली." या उत्तरावरून आम्ही समजून चाललो होतो की ते लंगरमध्ये स्वयंपाकी असतील, किंवा फार तर स्टोअरमध्ये. त्यांना पेन्शन नव्हती. भिंतीवर गणवेशातला फोटो नव्हता, पदकं नव्हती. आमच्यासाठी अब्बा म्हणजे पिठाची गिरणी. पांढऱ्या भुवया, पांढरे हात आणि दिवसभर चालणारा पट्टा.

आणि बहिरेपणा. अब्बांना ऐकू कमी यायचं. डाव्या कानाने तर जवळजवळ नाहीच. गिरणीच्या आवाजाने कान गेले, असं सगळे म्हणत आणि आम्हीही तेच मानलं.

आता मला जे सांगायचं आहे ते थोडं लाजेने सांगते. लहानपणापासून माझी एक तक्रार होती की अब्बा माझं ऐकत नाहीत. भाईजानने हाक मारली की वळून बघायचे. मी मारली की तसेच बसून. शाळेतलं काही सांगायला गेले की अर्धवट हसायचे, "हां, हां" म्हणायचे आणि भलतंच उत्तर द्यायचे. भाईजानशी मात्र नीट बोलायचे. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की घरात मुलाची किंमत आहे, मुलीची नाही. बी.एड. झाले, नोकरी लागली, लग्न झालं, तरी तो काटा निघाला नाही. त्यांच्या शेवटच्या रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी मी काहीतरी तीनदा विचारलं आणि त्यांनी तिन्ही वेळा मान डोलावली. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अब्बा, तुम्हाला माझं ऐकायचंच नसतं." ते मात्र त्यांना ऐकू गेलं असावं. त्यांनी खजुराची वाटी माझ्याकडे सरकवली आणि खाली बघितलं.

फोटोच्या मागे शाईने उर्दूत लिहिलेलं होतं. भाईजान मराठी माध्यमात शिकला, त्याला उर्दू वाचता येत नाही. मला अब्बांनी हट्टाने उर्दू शाळेत घातलं होतं. त्याचा हा उपयोग होईल असं त्यांनाही वाटलं नसेल. अक्षर ओळखीचं होतं. गिरणीच्या उधारीच्या वहीत हेच वळण असायचं. वर लिहिलं होतं, "ईदुल फित्र, १३८५ हिजरी, खेमकरण सेक्टर." त्याखाली नावं आणि प्रत्येकासमोर गाव. इथे ती नावं देत नाही. त्यांच्या घरच्यांची तशी इच्छा आहे.

मी नावं मोजली. सात होती. फोटो पुन्हा पाहिला. चेहरे सहा.

सातवं नाव शेवटी होतं. एका मराठा तरुणाचं, खटाव तालुक्यातल्या गावाचं. त्या नावाआधी अब्बांनी एक शब्द लिहिला होता. मरहूम.

वर्गात हा शब्द मी दरवर्षी शिकवते. मराठीत आपण 'कैलासवासी' किंवा 'दिवंगत' म्हणतो त्या जागी उर्दूत 'मरहूम' येतो. त्याचं मूळ रहम. ज्याच्यावर रहम झाला, तो मरहूम. वीस-बावीस वर्षांचा गिरणीवाल्याचा... नाही, तेव्हा ते गिरणीवाले नव्हतेच. वीस-बावीस वर्षांचा एक जवान आपल्या गेलेल्या सोबत्याचं नाव लिहायला बसतो आणि आपल्या भाषेत त्याच्यासाठी जो शब्द आहे, तो लिहून मोकळा होतो.

मग हिशेब केला. हिजरी १३८५ ची ईदुल फित्र म्हणजे जानेवारी १९६६, २३ तारखेच्या आसपास. युद्धबंदी झाली २३ सप्टेंबर १९६५ ला. ताश्कंदचा करार १० जानेवारीला. दुसऱ्याच दिवशी लालबहादूर शास्त्री गेले. सैन्य मागे घेण्याचं काम फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत चाललं. म्हणजे ही ईद त्या मधल्या दिवसांतली. लढाई संपलेली, पण माणसं अजून तिथेच.

पुठ्ठ्याचं पुस्तक म्हणजे फौजेतून सुटताना मिळतं ते डिस्चार्ज बुक. भरती जून १९६३. १९६२ नंतर फौज वाढवली जात होती, त्या लाटेत आमच्या भागातले पुष्कळ तरुण गेले, त्यातले हे एक. प्रशिक्षण नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये. हुद्दा गनर. स्वयंपाकी नव्हे, स्टोअरकीपर नव्हे. तोफखान्यातले तोपची. मार्च १९६९ मध्ये सुटका. कारण लिहिलं होतं, 'स्वतःच्या विनंतीवरून, घरगुती अडचण'. अम्मीने ती अडचण सांगितली. दादांचा इंतिकाल झाला होता, दोन फुफ्या लग्नाच्या होत्या आणि घरात कमावतं कुणी नव्हतं. सहा वर्षंही पुरी न होता सुटल्यामुळे पेन्शन मिळाली नाही. थोडे पैसे मिळाले. त्यात दादीच्या बांगड्या घालून गिरणी उभी राहिली. पदकांच्या रकान्यात दोन नोंदी होत्या, समर सेवा स्टार १९६५ आणि रक्षा मेडल १९६५. पदकं मात्र घरात कुठेच नाहीत.

खेमकरण हे नाव वाचून मी का थबकले, ते सांगते. गेली वीस वर्षं दर १५ ऑगस्टला मी विद्यार्थ्यांना भाषण लिहून देते. त्यात एक ठरलेलं असतं, वीर अब्दुल हमीद यांच्यावरचं. गाजीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे, चौथ्या ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार. १० सप्टेंबर १९६५ ला जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने त्यांनी पॅटन रणगाडे उडवले आणि तिथेच शहीद झाले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ही लढाई असल उत्तर गावाजवळची, खेमकरण सेक्टरमधलीच. आपल्या सैन्याने घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे लावले आणि शेतांत पाणी सोडलं. शत्रूचे जडशीळ रणगाडे उसाच्या चिखलात रुतले. त्या लढाईत पाकिस्तानचे ९७ रणगाडे गेले. हे सगळं मी पाठ केलेलं. एका वर्षी अब्बा आमच्या शाळेच्या कार्यक्रमाला आले होते. पहिल्या रांगेत, उजवा कान व्यासपीठाकडे करून बसले होते. घरी आल्यावर म्हणाले, "तारखा बरोबर होत्या. ऊस मात्र खूप उंच होता, ते सांगायला हवं होतं." मला वाटलं, कुठेतरी वाचलं असेल. मी विचारलंही नाही.

ज्यांची गोष्ट मी मुलांकडून पाठ करून घेत होते, त्यांच्याच लढाईतला एक माणूस माझ्या घरात दळण दळत होता.

आता मनीऑर्डरच्या पावत्या. पंधरा होत्या. १९६९ ची पहिली, १९८३ ची शेवटची. रक्कम आधी दहा रुपये, मग वीस, मग पंचवीस. सगळ्या एकाच पत्त्यावर, खटाव तालुक्यातल्या त्याच गावी, त्याच आडनावाच्या एका बाईच्या नावे. काही पावत्यांसोबत पैसे पोचल्याची पोच टाचलेली होती. त्यावर सहीच्या जागी अंगठा. निळसर शाईतला, म्हातारा, रेषा झिजलेला अंगठा.

अम्मीला या मनीऑर्डरी माहीत होत्या. "जुनं देणं आहे, म्हणायचे. मी समजले, गिरणीसाठी घेतलेलं कर्ज असेल."

मी पावत्या तारखेप्रमाणे लावल्या. १९७१ ची नोव्हेंबरमधली, १९७४ ची ऑक्टोबरमधली, १९७९ ची ऑगस्टमधली, १९८३ ची जूनअखेरची. दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे. कर्जाचा हप्ता असा सरकत नाही. असा चंद्राचा हिशेब सरकतो. प्रत्येक मनीऑर्डर रमजानच्या महिन्यात गेलेली होती.

फोटोमागच्या नावांपैकी एक गाव कोरेगाव तालुक्यातलं होतं, आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. साठ वर्षांनी कोण भेटणार, असं म्हणत आम्ही निघालो. गावच्या चावडीपाशी नाव सांगितलं, तर एका मुलाने थेट घराच्या ओसरीवर नेऊन उभं केलं. काका ऐंशी ओलांडलेले, काठी टेकत बाहेर आले. मी अब्बांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "मोठ्यानं बोल पोरी. तुझ्या बापासारखेच माझेबी कान गेल्यात."

फोटो त्यांच्या हातात दिला. बराच वेळ त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ घेतला. प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवत नंबर सांगू लागले. नावं नाहीत, नंबर. पंचवीस पौंडी तोफेवर सहा जणांची तुकडी असते, प्रत्येकाचं काम ठरलेलं. एक नंबर हुकूम देणारा, तीन नंबर नेम धरणारा. "तुझा बा दोन नंबर. ब्रीच उघडायची, गोळा ठासायचा, ब्रीच लावायची. तोफंच्या उजव्या अंगाला. डावा कान तोफंकडं. तवा कानाला काय व्हतं? कापसाचा बोळा. त्यो बी रातीच्या घाईत कुटं पडायचा कळायचं न्हाई. आवाज कानात न्हाई यायचा पोरी, छातीत यायचा. तीन दिवस, तीन राती."

मी विचारलं, "काका, उसाचं काय? अब्बा म्हणायचे, ऊस उंच होता."

"आपल्यावानीच ऊस. पयल्या दिशी वाटलं, गावाकडंच आलो. त्यात पानी सोडल्यालं. राती त्यात रणगाड्याची घरघर यायची आन् रणगाडा दिसायचा न्हाई."

सातव्या नावाबद्दल विचारायला मला धीर होईना. भाईजानने विचारलं. काका फोटो मांडीवर ठेवून थोडे थांबले. मग म्हणाले, "पाच नंबर त्यो. दारूगोळ्यावर. अकरा तारखंच्या पहाटं तिकडचा गोळा पडला. आमी समदे दहा पावलांवर." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनीच विषय काढला. "तुझ्या बाला झोप लई. रोज्याच्या दिसांत सहेरीला जाग यायची न्हाई. आदल्या साली छावणीत व्हतो तवा त्योच उठवायचा त्याला. ह्याला काय रोजा न्हाई, काय न्हाई, पन स्वतः उठून ह्याला हलवायचा, लंगरमधनं च्या आनून द्यायचा. म्हनायचा, ह्येचा उपास मोडला तर पाप मला लागंल. लढाई झाल्यावर रोजे आले, तर ह्यो उठवायच्या आधीच जागा. बसून ऱ्हायचा."

पावत्यांचं कोडं सुटलं. ती बाई म्हणजे पाच नंबरची आई. काकांना मनीऑर्डर माहीत होती. "तिला सरकारचं मिळत व्हतं थोडं. पन ह्या पैशाची वाट बघायची. म्हनायची, पोराचा दोस्त इसरला न्हाई." १९८३ च्या दिवाळीनंतर ती गेली. त्या साली जून संपताना गेलेली मनीऑर्डर शेवटची.

घरी परतताना भाईजान गाडी चालवत होता. मागच्या महिन्यात अम्मीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, तेव्हा त्यांनी समजावलेलं मला आठवत होतं. आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात. मोठ्या आवाजाच्या धक्क्याने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. अशा बहिरेपणात आधी जातात ते उंच, बारीक आवाज. स, श, फ, थ ही अक्षरं पुसट होतात. पुरुषांचा जाड आवाज बऱ्यापैकी कळतो. बायकांचा आणि लहान मुलांचा कळत नाही. बोलणं चाललंय हे समजतं, पण शब्द लागत नाहीत. माणूस मग अंदाजाने मान डोलावतो, हसतो, "हां, हां" म्हणतो.

भाईजानचा आवाज बाराव्या-तेराव्या वर्षी फुटला. माझा आजही बारीक आहे. वर्गात मला खडू आपटून मुलांना गप्प करावं लागतं. चाळीस वर्षं मी ज्या गोष्टीला पक्षपात समजत होते, ती एवढीच होती. मी गाडीत रडले. भाईजानने गाडी बाजूला लावली. काही बोलला नाही, पाण्याची बाटली पुढे केली.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण घरी आल्यावर घरात वाद झाला. तोही सांगते, कारण तो फक्त आमच्या घरातला नाही.

साहिलने फोटो मोबाइलवर घेतला आणि म्हणाला, "हा सगळ्या ग्रुपवर टाकतो. कॉलेजच्या, गल्लीच्या, सगळ्या. आता बोला म्हणावं." त्याच्या बोलण्यातला राग मला कळत होता. कॉलेजात कुणीतरी कधीतरी त्याला 'तुम्ही लोक' म्हणून काही सुनावलं असणार. मलाही हे नवीन नाही. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता एखादं वाक्य येतं, बोलणारा हसतो आणि आपणही कप खाली ठेवत हसतो. भाईजानही साहिलच्या बाजूने होता. "खरी गोष्ट आहे. दाखवली तर बिघडलं काय?" मला स्वतःला दोन्ही पटत होतं.

अम्मी जप करत बसली होती. तसबीह बाजूला ठेवून आमच्या घरच्या भाषेत म्हणाली, "ये फोटो क्या रेशनकार्ड है, कुनी मांग्या की दिखाने कू?"

कुणी काही बोललं नाही. मग ती मराठीत, शांतपणे म्हणाली, "पन्नास वर्षं त्यांनी पेटीत ठेवला. भिंत काय नव्हती घरात? त्यांना दाखवायचं असतं तर दाखवलं असतं. आणि ह्यात तो एकटाच नाही, सहा जण आहेत. सातव्याची आई अंगठा देऊन गेली. तुमच्या भांडणात त्यांना कशाला ओढता?"

साहिलला ते पटलं नाही. तो म्हणाला, "दादी, न दाखवून काय मिळालं? आम्हालाच माहीत नव्हतं." यावर अम्मीकडेही उत्तर नव्हतं. खरं तर दोघंही बरोबर होते. लोकांना पुरावा म्हणून द्यायचा नाही, हे अम्मीचं खरं. घरच्यांपासूनही झाकून ठेवलं की काय होतं, हे साहिलचं खरं. मी त्याचं जिवंत उदाहरण होते. अब्बांनी एकदा, फक्त एकदा म्हटलं असतं, "बेटी, माझा कान तोफेवर गेला, तुझा आवाज मला लागत नाही," तर माझं अर्धं बालपण वेगळं झालं असतं. त्यांच्याबद्दल आदर वाटतो, म्हणून ही तक्रार नाहीशी होत नाही. दोन्ही बरोबरच राहणार.

शेवटी जे ठरलं ते असं. फोटो कुठल्या ग्रुपवर गेला नाही. त्याच्या चार प्रती काढल्या. एक काकांना दिली. एक खटाव तालुक्यात, पाच नंबरच्या पुतण्याच्या घरी. त्यांच्याकडे काकांचा गणवेशातला एकटा फोटो होता. त्याच्या सोबत्यांचे चेहरे त्यांनी पहिल्यांदा पाहिले. अंगठ्याची एक पोचही त्यांना दिली. ती त्यांच्या आजीची, आमची नव्हे. एक प्रत आमच्या घरी आतल्या खोलीत लावली. खाली सातही नावं मराठीत लिहिली, म्हणजे भाईजानला आणि साहिललाही वाचता येतील. 'मरहूम' हा शब्द तसाच ठेवला.

अब्बांच्या टोपीवरचा बिल्ला फोटोत नीट दिसत नाही. काकांनी त्यांचा दाखवला. त्यावर तोफ आहे आणि तोफखान्याचं ब्रीद: सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल. पहिला शब्द संस्कृत, पुढचे उर्दू. दोन भाषा शिकवून पोट भरणाऱ्या मला हे ब्रीद ठाऊक नव्हतं. आता फळ्यावर लिहून त्याची फोड करून देते. 'सर्वत्र' म्हणजे सगळीकडे, 'इज्जत' सगळ्यांना माहीत आहे, 'इकबाल' म्हणजे भाग्य, वैभव. मुलांना ते लगेच पाठ होतं.

पदकांसाठी अम्मीच्या नावाने नाशिक रोडच्या आर्टिलरी रेकॉर्ड्सकडे अर्ज करतो आहोत. बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं. तिथल्या मंडळींनी अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. माणसाचा सेवा क्रमांक हाताशी असला की काम सोपं होतं. आमच्या बाबतीत तो चाळीस-पन्नास वर्षं गोधड्यांच्या ट्रंकेच्या झाकणावरच रंगवलेला होता. डिस्चार्ज बुकमधल्या क्रमांकाशी ताडून पाहिला तेव्हा कळलं. ज्या घरात कुणी फौजेत, नौदलात, पोलिसांत होतं, त्यांनी अशी कागदपत्रं एकदा बघून ठेवावीत. आईची कौटुंबिक पेन्शन राहून गेलेली असू शकते, नावात चूक असू शकते.

आणि जुन्या फोटोंबद्दल एक विनंती. त्यांना लॅमिनेशन करू नका. मागचं अक्षर कायमचं बंद होतं आणि कागदही खराब होतो. घरातलं वडीलधारं माणूस शेजारी बसवा, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव विचारा आणि मऊ पेन्सिलीने मागच्या बाजूला हलक्या हाताने लिहा. विचारताना समोरच्याला तुमचा आवाज पोचतोय ना, तेही बघा. समोर बसा, तोंड दिसू द्या, ओरडू नका, सावकाश बोला. हे मला उशिरा कळलं.

सुट्टी संपवून निघायच्या दिवशी मी गिरणीत गेले. भाईजान पट्टा चढवत होता. साहिल हॉपरमध्ये ज्वारी ओतत होता. गिरणी सुरू झाली तसे दोघांनी खिशातून काढून कानांत बोळे घातले, मेडिकलमध्ये मिळतात ते पिवळे. मी काहीतरी म्हणाले. दोघांनाही ऐकू आलं नाही. भाईजानने हाताने खूण केली, थांब. दळण संपेपर्यंत मी उंबऱ्यावर बसून राहिले.